सामान्यनाम आणि विशेषनाम : शासकीय औषधखरेदीचे अर्थकारण

भारतीय औषध-उद्योगाविषयीचे लेखन वाचू लागलेल्या भाषाभ्यासकाला पहिली अडचण शब्दाचीच येते. 'बल्क ड्रग' ही संज्ञा या देशातील किंमत-नियंत्रणाच्या आदेशांनी रूढ केली. तिचा अर्थ घाऊक प्रमाणात विकत घेतलेले औषध असा नाही. ज्या मूळ रासायनिक द्रव्यापासून गोळी, इंजेक्शन वा पातळ औषध तयार होते, त्या द्रव्याला उद्योगात 'बल्क ड्रग' म्हणतात. उलट शासन आपल्या रुग्णालयांसाठी कोट्यवधी गोळ्यांची जी एकगठ्ठा खरेदी करते, तिलाही इंग्रजी वृत्तपत्रे जवळपास त्याच शब्दांनी ओळखतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे शासकीय घाऊक खरेदीचा आणि तिने उद्योगावर घडविलेल्या परिणामांचा विचार करावयाचा आहे. पहिल्या अर्थाकडे शेवटी वळावे लागेल. कारण गोळी कोणत्या दराने घेतली जाते यावर तिच्यातील मूळ द्रव्य कोठे बनते हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, हा सारा व्यवहार मुळात नामकरणाचा आहे. व्याकरणात आपण सामान्यनाम आणि विशेषनाम असा भेद करतो. औषधाच्या दुकानात जे विकले जाते ते विशेषनामाने. शासन जे विकत घेते ते सामान्यनामाने. या दोन नामांमधील अंतर रुपये-पैशांत मोजता येते, आणि ते पुष्कळदा थक्क करणारे असते.

आधुनिक औषधाला सहसा तीन नावे असतात. एक रासायनिक, जे केवळ तज्ज्ञांपुरते. दुसरे जातिवाचक, ज्याला लोक 'जेनेरिक' म्हणतात. तिसरे कंपनीने ठेवलेले व नोंदविलेले व्यापारी नाव. यांपैकी दुसऱ्या नावाची व्यवस्था जागतिक आरोग्य संघटनेने १९५० पासून हाती घेतली आणि अशा नावांची पहिली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. ही नावे कोणाच्याही मालकीची नसतात. त्यांत प्रत्ययांची एक शिस्त असते : 'सिलिन'ने संपणारे नाव पेनिसिलीनच्या कुळातले, 'ओलॉल'ने संपणारे रक्तदाब व हृदयविकारांवर वापरल्या जाणाऱ्या एका विशिष्ट कुळातले. पाणिनीच्या देशातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या निघंटु-परंपरेतही एका वनस्पतीला अनेक नावे आहेत. गुळवेलीला गुडूची, अमृता, छिन्नरुहा, वत्सादनी अशी कितीतरी पर्यायनामे आहेत. परंतु त्यांतील एकही नाव एखाद्या वैद्याच्या मालकीचे नव्हते. व्यापारी नावाचे वेगळेपण त्याच्या मालकीत आहे.

ही मालकी मौल्यवान का ठरते? औषधाच्या बाजारात निवड एक जण करतो आणि पैसे दुसरा देतो. डॉक्टर नाव लिहितो, रुग्ण किंमत मोजतो. रुग्णाला एका पांढऱ्या गोळीची दुसऱ्या पांढऱ्या गोळीशी तुलना करता येत नाही, आणि डॉक्टरला किमतीची झळ लागत नाही. अशा स्थितीत कंपनीची सारी शक्ती डॉक्टरच्या स्मरणात आपले विशेषनाम रुजविण्यावर खर्च होते. वैद्यकीय प्रतिनिधींचा ताफा, नमुन्याच्या पुड्या, परिषदांचे यजमानपद हा सारा खर्च गोळीच्या किमतीत चढतो. तेच द्रव्य, त्याच मात्रेत, कधी कधी त्याच कारखान्यात बनलेले असूनही वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या किमतींना विकले जाते.

जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्ये सादर केलेल्या अहवालात नेमके यावर बोट ठेवले. ११७ अत्यावश्यक औषधांची यादी करून तिने व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली. १९७८ च्या औषध-धोरणात पाच औषधांपुरती ही गोष्ट मान्य झाली. परंतु उद्योगाने न्यायालयात धाव घेतली आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. बाजारातून विशेषनाम हद्दपार करणे शासनाला साधले नाही. मात्र आपल्या स्वतःच्या खरेदीतून ते हद्दपार करणे शासनाच्या हाती होते, आणि ते पुढे निराळ्याच वाटेने घडले.

शासनाने औषधांचा मोठा ग्राहक असणे ही गोष्ट भारतात नवी नाही. निलगिरी आणि दार्जिलिंगजवळील मुंगपू येथे ब्रिटिश सरकारने सिंकोनाची लागवड केली आणि १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून एकेका पैशाची क्विनाइनची पुडी विकली. येथे शासन उत्पादकही होते आणि विक्रेताही. पुढे मुंबई, मद्रास, कलकत्ता आदी ठिकाणच्या शासकीय औषध-भांडारांनी लष्कराची व रुग्णालयांची गरज भागविली. स्वातंत्र्यानंतर पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची व १९६१ मध्ये सोव्हिएत साहाय्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्सची स्थापना झाली. या सार्वजनिक उपक्रमांना शासकीय खरेदीत अग्रक्रम राहिला. अगदी अलीकडे, २०१३ मध्येही, १०३ औषधांच्या खरेदीत त्यांना पाच वर्षांसाठी प्राधान्य देण्याचे केंद्र सरकारने ठरविले होते. या धोरणाचा हेतू स्तुत्य होता. तथापि हमीच्या गिऱ्हाइकाने या उपक्रमांची स्पर्धाशक्ती वाढविली असे म्हणण्यास आधार नाही. ज्याला दर ठरवून मिळतो आणि मागणी बांधून मिळते, त्या उत्पादकाला खर्च कमी करण्याची निकड उरत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांना आरंभी या उपक्रमांवरच अवलंबून ठेवले गेले, तेव्हा फळ्या रिकाम्या राहू लागल्या. पुढे खासगी उत्पादकांकडून निविदेने खरेदी सुरू झाल्यावर त्या दुकानांचा विस्तार झाला आणि २०२३ च्या अखेरीस त्यांची संख्या दहा हजारांवर गेली.

खरा पालट तमिळनाडूत झाला, आणि त्याकडे जरा सावकाश पाहिले पाहिजे.

तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची नोंदणी १ जुलै १९९४ रोजी कंपनी कायद्याखाली झाली व जानेवारी १९९५ पासून त्याने औषधांचा पुरवठा हाती घेतला. त्याआधीच्या व्यवस्थेत गैरव्यवहार उघडकीस आले होते. रुग्णालयांत एक औषध अतोनात साठलेले आणि दुसरे महिनोन्‌महिने नसलेले, असा प्रकार होता. महामंडळाने प्रथम यादी आखडली. सुमारे अडीचशे अत्यावश्यक औषधे, आणि तीही केवळ जातिवाचक नावांनी. मग उघड निविदा. 'निविदा' हा शब्द आज सरकारी वाटतो खरा. पण ऋग्वेदीय कर्मकांडात 'निविद्' म्हणून जी देवतांना आवाहन करणारी आखूड गद्यसूत्रे असत, त्यांचा तो सगोत्र आहे. महामंडळाच्या निविदेतही एक ठराविक विधी होता. दोन लिफाफे असत. पहिल्यात उत्पादकाची पात्रता, म्हणजे परवाना, तीन वर्षांचा अनुभव, वार्षिक उलाढाल, उत्पादन-पद्धतीच्या शिस्तीचे प्रमाणपत्र. दुसऱ्यात केवळ दर. पहिल्या लिफाफ्यात जो टिकला नाही त्याचा दुसरा उघडायचाच नाही. निविदा भरण्याचा अधिकार प्रत्यक्ष उत्पादकांना होता, मध्यस्थ व्यापाऱ्यांना नव्हता.

आलेला माल जिल्ह्याजिल्ह्यांतील गोदामांत उतरे. प्रत्येक रुग्णालयाला बँकेच्या खातेपुस्तकासारखे एक पुस्तक दिलेले असे. वर्षाची तरतूद त्यात जमा म्हणून दाखवलेली, आणि जसजसा माल उचलला जाई तसतशी ती खर्ची पडे. कोणते औषध किती घ्यावयाचे हे रुग्णालयाने ठरवायचे. दर आणि पुरवठादार मात्र महामंडळाने. निवडीचा हक्क व भावतोलाचा हक्क यांची ही फारकत दिसायला साधी आहे, पण पूर्वीच्या भ्रष्टाचाराचे मूळ नेमके या दोन हक्कांच्या एकत्र असण्यात होते.

तपासणीचा भाग तर नावाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. प्रत्येक खेपेतून नमुने काढून ते निवडक प्रयोगशाळांकडे पाठविले जात. पण त्यापूर्वी त्यांवरील उत्पादकाचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक घातला जाई. व्यापारी नाव निविदेतच गेले होते. आता उत्पादकाचे नावही गेले. उरले ते केवळ द्रव्य. ते प्रमाणात आहे की नाही, एवढाच प्रश्न. याउलट वेष्टनावर एक नवेच नाव आले : तमिळनाडू शासनाचा पुरवठा, विक्रीसाठी नाही. पूर्वी मोठ्या डब्यांतून येणाऱ्या सुट्या गोळ्या आता पट्ट्यांत बंद होऊन आल्या, आणि पट्टीवरील या छापामुळे त्या चोरून दुकानात विकणे अवघड झाले.

दर लक्षणीयरीत्या खाली आले. याच नमुन्यावर राजस्थानने २०११ मध्ये महामंडळ स्थापून २ ऑक्टोबरपासून विनामूल्य औषधांची योजना सुरू केली, तेव्हा निविदेतील दर आणि दुकानातील छापील किंमत यांच्या तुलनेने देशभर खळबळ उडाली. अनेक औषधांत अनेक पटींचा, काहींत दहापटींहून अधिक फरक होता.

या आकड्यांवरून काढले जाणारे निष्कर्ष मात्र तपासून घ्यावयास हवेत. एक पक्ष म्हणतो की, निविदेतील दर हीच औषधाची खरी किंमत, वरची सारी लूट. उद्योगाचा पक्ष म्हणतो की, हा दर तोट्याचा असून तो केवळ रिकामी यंत्रे चालती ठेवण्यासाठी दिलेला असतो. अर्थशास्त्रातील सीमांत खर्चाची कल्पना येथे उपयोगी पडते. समजा, एखाद्या कारखान्याची शक्ती वर्षाला दहा कोटी गोळ्यांची आहे आणि बाजारात त्याच्या सहा कोटीच खपतात. इमारत, यंत्रे, तंत्रज्ञ यांचा खर्च त्या सहा कोटींनी भरून काढलेलाच आहे. उरलेल्या चार कोटी गोळ्यांसाठी त्याला केवळ कच्चा माल, वीज, वेष्टन आणि थोडी मजुरी लागते. त्याहून दोन पैसे अधिक मिळाले तरी ते पदरात पडलेच. म्हणून तो शासनाला अतिशय कमी दर देऊ शकतो, आणि तोच दर साऱ्या बाजाराला देऊ शकत नाही.

उद्योगाचे म्हणणे येथवर बरोबर आहे. पण ते येथेच थांबते. कारण हळूहळू असे कारखाने उभे राहिले की ज्यांचा बहुतेक सारा माल निविदांतूनच जातो. त्यांना प्रतिनिधी नाहीत, जाहिरात नाही, व्यापारी नावही जवळपास नाही. २००३ च्या करसवलतींनंतर हिमाचल प्रदेश व उत्तराखंडात वाढलेल्या कारखान्यांपैकी बरेच एकीकडे मोठ्या कंपन्यांसाठी त्यांच्या नावाचा माल बनवितात आणि दुसरीकडे शासनासाठी बिननावाचा. अशा उत्पादकाचा स्थिर खर्चही निविदेच्या दरातूनच भागतो, आणि तो टिकून आहे. याचा अर्थ असा की, छापील किमतीचा मोठा हिस्सा द्रव्याचा नसून नावाचा आहे, हे हाथी समितीचे अनुमान शासकीय खरेदीने प्रयोगाने सिद्ध केले. प्रस्तुत लेखकाच्या मते या व्यवस्थेचा हा सर्वांत मोठा बौद्धिक लाभ आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली.

उद्योगाच्या रचनेवर याचे परिणाम दुहेरी झाले. उलाढालीची अट घातली की लहान उत्पादक बाहेर पडतात. अट उठविली की गुणवत्तेची धास्ती वाढते. केंद्र सरकारने २०१२ मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी खरेदीचा २० टक्के वाटा राखण्याचे धोरण आणले व पुढे तो २५ टक्क्यांवर नेला; उलाढालीच्या अटीशी त्याचे नेहमीच भांडण होत आले आहे. दुसरा, कमी चर्चिला गेलेला घटक म्हणजे पैसे मिळण्याची मुदत. जे शासन देयके वर्षभर अडवून ठेवते, त्याला पुरवठादार वर्षभराचे व्याज दरात मिळवूनच दर देतो. आणि ज्याच्याजवळ एवढे भांडवल नाही तो निविदाच भरीत नाही. परिणामी स्पर्धक घटतात आणि दर आणखी चढतात. तमिळनाडूचे दर कमी राहिले त्याचे श्रेय मोठ्या मागणीइतकेच वेळेवर दिलेल्या पैशांनाही आहे. अन्य काही राज्यांनी महामंडळाचे नाव व निविदेचा नमुना उचलला, खातेपुस्तक आणि देयकांची शिस्त उचलली नाही, आणि मग तेवढे यश का आले नाही म्हणून आश्चर्य केले. वाङ्मयातही रूपबंधाची उसनवारी करणाऱ्यांची अशी फजिती आपण पाहतोच.

शासनाला मिळणाऱ्या दराचा खासगी बाजारातील दराशी संबंध जोडला तर काय होते, याचा धडा अमेरिकेने दिला. तेथे गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेबाबत १९९० मध्ये कायदा झाला की, नामांकित औषधाच्या उत्पादकाने कोणाही खासगी ग्राहकाला जी सर्वांत मोठी सवलत दिली असेल, निदान तेवढी शासनालाही द्यावी. कागदावर हे न्याय्य दिसते. पण उत्पादकाच्या बाजूने पाहिले तर एखाद्या खासगी रुग्णालय-संस्थेला दिलेली सवलत आता त्याला फार महाग पडू लागली, कारण तीच सवलत शासनाच्या प्रचंड खरेदीवरही द्यावी लागणार. त्याने खासगी सवलतीच आखडत्या घेतल्या. पुढे मार्क डुग्गन व फिओना स्कॉट मॉर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, एखाद्या औषधाच्या विक्रीत मेडिकेडचा वाटा १० टक्क्यांनी अधिक असेल तर इतर ग्राहकांना पडणारी त्याची सरासरी किंमत ७ ते १० टक्क्यांनी अधिक असते. म्हणजे शासनाने स्वतःसाठी मिळविलेली स्वस्ताई इतरांच्या खिशातून भरून निघत होती.

भारतात याच्या अगदी उलट घडले. २०१३ च्या किंमत-नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत ठरविण्याची जी रीत घातली, तीत बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या व्यापारी नावांच्या किमतींची सरासरी काढून त्यात किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळविला जातो. उत्पादन-खर्चाचा हिशेब, जो आधीच्या आदेशांत होता, तो गेला. निविदांतील दर त्यात मोजलेच जात नाहीत. एकाच शासनाचा एक विभाग एखादी गोळी काही पैशांना विकत घेतो आणि दुसरा विभाग त्याच गोळीची कमाल किंमत त्याच्या कितीतरी पट ठरवितो, दोन्ही कायदेशीर. सामान्यनामाचा बाजार आणि विशेषनामाचा बाजार यांमध्ये ही भिंत शासनानेच उभी केलेली आहे. तिचा एक फायदा मान्य केला पाहिजे : खासगी किंमत घसरण्याची भीती नसल्यामुळे उत्पादक निविदेत मोकळेपणाने कमी दर देतात. पण तो दर केवळ शासकीय रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला लाभतो. दुकानात जाणाऱ्या शेतमजुराला नाही.

देशाबाहेरच्या मोठ्या खरेदीने तर भारतीय उद्योगाचा चेहराच पालटला. एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार श्रीमंत देशांत दर रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरांना मिळत होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार स्वयंसेवी वैद्यकीय संघटनेला ३५० डॉलरांत देऊ केला. त्यातील तीन द्रव्यांचे पेटंट तीन निरनिराळ्या कंपन्यांकडे होते. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधी द्रव्यावर पेटंट न देता केवळ प्रक्रियेवर दिल्यामुळे ती तिन्ही एका गोळीत घालणे येथे शक्य झाले. पण देऊ केलेल्या किमतीला अर्थ आला तो ग्राहक उभा राहिल्यावर. २००२ मध्ये जागतिक निधी स्थापन झाला. २००३ मध्ये क्लिंटन प्रतिष्ठानाने अनेक देशांची मागणी एकत्र करून, ती आगाऊ कळवून आणि पैसे वेळेवर मिळण्याची व्यवस्था करून भारतीय उत्पादकांकडून हा दर सुमारे १४० डॉलरांवर आणविला. मूळ द्रव्य किती खर्चात बनते येथपासून हिशेब तपासला गेला. उत्पादकांनी नफ्याचा तुकडा लहान घेतला, पण ताटे कितीतरी पटींनी वाढली. २००६ नंतर विकसनशील देशांसाठी देणग्यांतून घेतल्या जाणाऱ्या या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक भारतात बनलेली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा उत्कर्षही अशाच खरेदीवर, म्हणजे युनिसेफ व गावी यांच्या लसखरेदीवर झाला. आफ्रिकेच्या मेनिंजायटिस-पट्ट्यासाठी २०१० मध्ये आलेली तिची लस अर्ध्या डॉलरहून कमी दराने दिली गेली. तो दर आधी ठरला आणि लस त्या दरात बसेल अशी नंतर घडविली गेली.

येथवर चित्र आशादायक आहे. त्याची दुसरी बाजू महाराष्ट्रातील वाचक विसरू शकणार नाहीत. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण ग्लिसरॉल दिल्यानंतर दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी करणारे अधिकारी, पुरवठादार, औषध प्रशासन आणि सत्ताधारी यांच्यातील लागेबांधे उघड केले. या प्रकरणातून नीचतम दराच्या निविदेला दोष दिला जातो, तो अर्धाच खरा. दर कमी होता म्हणून विष आले नाही. माल कोणी बनविला हे पाहिले गेले नाही, आणि आत काय आहे हे तपासले गेले नाही, म्हणून आले. सामान्यनामाने खरेदी करणाऱ्याने विशेषनामाची हमी स्वतःच नाकारलेली असते. ती हमी पुरविण्याची जबाबदारी मग त्याच्याच शिरावर येते. तमिळनाडूच्या व्यवस्थेतील झाकलेल्या नमुन्यांची तपासणी ही या जबाबदारीची किंमत होय, आणि ती दरात न धरता केलेली स्वस्ताईची तुलना फसवी आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी एकत्र करून ती हाफकिन महामंडळाकडे सोपविली. औषधे वेळेवर मिळत नाहीत अशी ओरड होत राहिली, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला.

अति कमी दराचा दुसरा धोका अधिक संथ असतो. खरेदी इतकी मोठी की जिंकणाऱ्याला सारे मिळावे आणि हरणाऱ्याला काहीच नाही, अशी झाली, तर हरणारे ते औषध बनविणेच सोडून देतात. चीनने डिसेंबर २०१८ मध्ये ११ शहरांची मागणी एकत्र करून २५ औषधांचे करार केले. त्या शहरांतील शासकीय रुग्णालयांच्या वापरापैकी ६० ते ७० टक्के खपाची हमी, आणि एका औषधास एकच विजेता. दर सरासरी ५२ टक्क्यांनी, काहींचे ९६ टक्क्यांपर्यंत उतरले आणि चिनी औषध कंपन्यांचे समभाग कोसळले. पुढच्याच फेरीत एकाहून अधिक विजेते घेण्याची तरतूद करण्यात आली. तमिळनाडूत नीचतम दर मान्य करणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या निविदाकाराशीही करार करण्याची पद्धत होती, तिचे मर्म हेच. बेंझाथिन पेनिसिलीन हे संधिवाती हृदयरोगावरचे व उपदंशावरचे जुने औषध इतके स्वस्त झाले की, जगात त्याचे मूळ द्रव्य बनविणारे मोजकेच कारखाने उरले, आणि २०१४ ते २०१६ या काळात अनेक देशांत ते मिळेनासे झाले.

पेनिसिलीनच्या उल्लेखाने आपण 'बल्क ड्रग'च्या पहिल्या अर्थापाशी येतो. पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून बनणारे हे द्रव्य पुढे भारतात बनेनासे झाले. याचे खापर केवळ शासकीय खरेदीवर फोडणे अन्यायाचे होईल. नव्वदीनंतर आयातीवरील निर्बंध उठले, चीनने प्रचंड क्षमतेचे किण्वन-कारखाने उभारले, आणि आपले सार्वजनिक उपक्रम आधीच मोडकळीला आले होते. परंतु निविदेची भाषा तयार गोळीपाशी थांबते. गोळी कोणी बनविली हे ती विचारते. गोळीतील द्रव्य कोठून आले हे तिने फार काळ विचारलेच नाही. पैशापैशाने दर उतरविणाऱ्या उत्पादकापुढे मग चिनी द्रव्य घेण्यावाचून मार्ग राहिला नाही. आयात होणाऱ्या मूळ द्रव्यांपैकी मूल्याने सुमारे दोन-तृतीयांश चीनमधून येतात, हे २०२० च्या साथीत साऱ्यांच्या ध्यानी आले. त्याच वर्षी केंद्र सरकारने या द्रव्यांच्या देशी उत्पादनास ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन-योजना जाहीर केली, आणि आंध्र प्रदेशातील काकीनाडा जिल्ह्यात २०२४ मध्ये पेनिसिलीन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. नवा कारखाना चालतो आहे, पण त्याचे द्रव्य विकत घेणारा गोळीवाला अखेर निविदेतच दर भरतो. २०१७ च्या स्थानिक उत्पादनांना प्राधान्य देणाऱ्या आदेशानुसार केंद्रीय निविदांत 'स्थानिक अंश' नावाचा एक रकाना आला आहे. राज्यांची महामंडळे मात्र अजूनही मुख्यतः दराच्याच रकान्याकडे पाहतात.